बायपास, पोटाचा घेर आणि चरबीची हार्मोन्स : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात बायपासबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं, की पोटातली चरबी स्वतः हार्मोन बनवते आणि ऑपरेशननंतर माणूस कसा सावरतो यात त्या हार्मोन्सचाही वाटा असतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त गाव लिहितोय.

नाशिकहून एक मुलगी विचारते : डॉक्टर नमस्कार. माझ्या बाबांची (वय ५८) तीन आठवड्यांपूर्वी बायपास झाली. बाबा अजिबात जाड नाहीत हो, हातपाय तर काटकुळे आहेत, फक्त पोट तेवढं सुटलंय. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६६ किलो. तरी डिस्चार्ज कार्डवर "मेटाबॉलिक सिंड्रोम" असं लिहिलंय. आम्हाला वाटायचं हे जाड लोकांना होतं. आणि तुम्ही म्हणता ती चरबीची हार्मोन्स बाबांच्यात कुठून आली?

ताई, कार्डवर लिहिलंय ते बरोबर असणार. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे हृदयविकार आणि डायबिटीसचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची टोळी. ती ठरवायला पाच गोष्टी बघतात आणि त्यातल्या कुठल्याही तीन असल्या की झालं. कमरेचा घेर (आपल्या भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर किंवा जास्त, बायकांसाठी ८०), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर आकडे नॉर्मल आले तरी ती गोष्ट मोजली जाते. आता ही यादी परत एकदा वाचा, यात वजन कुठेच नाहीये.

बाबांचं वजन आणि उंची धरून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साडेतेवीसच्या आसपास येतो, म्हणजे काट्यावर सगळं ठीकच दिसणार. पण आपल्या लोकांचा घोटाळा नेमका इथेच आहे आणि तो जगाला दाखवून दिला तो आपल्या पुण्यानेच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरही याज्ञिकांच्या टीमने वर्षानुवर्षं काम केलंय, तिथेही हेच दिसलं की बाळ वजनाला कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे काटकुळे हातपाय आणि सुटलेलं पोट ही जोडी आपल्याकडे पाळण्यापासूनच येते असं म्हणायला हरकत नाही. बाबांचा यात काही दोष नाही, हे त्यांनाही सांगा.

आता हार्मोन. पूर्वी चरबी म्हणजे नुसता साठा असं समजायचे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं, ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे, आता भूक आवर. पाठोपाठ एक-दोन वर्षांतच ॲडिपोनेक्टिन सापडलं. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण ते उलटं वागतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण ॲडिपोनेक्टिन कमी होतं, आणि ॲडिपोनेक्टिनचं काम म्हणजे इन्सुलिनला साथ देणं, रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर नीट ठेवणं, सूज (म्हणजे शरीराच्या आतला दाह) दाबून धरणं. लेप्टिन जास्त झालं की बीपी वाढवणाऱ्या नसा चेकाळतात आणि सूज वाढवणाऱ्या पेशींना जोर येतो.

आणि चरबी कुठे बसलीये यावर सगळं अवलंबून असतं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर असलेली चरबी त्या मानाने शांत असते. कोठार भरलं की उरलेली पोती जशी ओसरीवर, जिन्यात, मिळेल तिथे रचतात तसं कातडीखालची जागा संपली की चरबी आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, हृदयाभोवती जाऊन बसते. आपल्याकडे हे कोठारच लहान, म्हणून थोड्या वजनातही पोटात चरबी साठते. या आतल्या चरबीत पांढऱ्या पेशी घुसतात, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असली सूज आणणारी रसायनं बाहेर पडत राहतात आणि तिथलं रक्त थेट लिव्हरला जात असल्यामुळे लिव्हरही बिघडतं.

बायपास म्हणजे छातीचं हाड कापलेलं, हृदयावर जोडायला पायाची शीर काढलेली, काही वेळा हार्ट-लंग मशीन लावलेलं. एवढ्या सगळ्यात कुणाच्याही अंगात सुजेचा मोठा भडका उडतो आणि साखर वर जाते, अगदी डायबिटीस नसला तरी. ज्याच्या अंगात आधीच बारीक आच चालू आहे त्याचा भडका विझायला वेळ लागतो एवढंच. म्हणून बाबांना थकवा जास्त वाटला, साखर वरखाली झाली तर घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. घरी एक टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कातडीला टेकवून, श्वास सोडल्यावर मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. सध्या फक्त मोजा, घेर कमी करायची घाई आत्ता नको, ती का नको ते पुढच्या पत्रात येतंय.

कोल्हापूरहून : साहेब, वय ६१, बायपास होऊन सहा आठवडे झाले. छातीच्या जखमेचं खालचं टोक अजून ओलसर हाय, बनियनला डाग पडतो. साखर २३०-२४० येते. एका पाव्हण्यांनी सांगितलं की अंगातल्या चरबीनं जखम भरत नाही, म्हणून मी जेवणच कमी केलंय, एक भाकरी आणि पातळ आमटी, बास. चरबी जळाली की जखम भरंल का?

काका, हे वाचून झालं की आधी तुमच्या सर्जनकडे जाऊन जखम दाखवा, उद्यावर ढकलू नका. सहा आठवड्यांनी जखमेतून पाणी येणं नॉर्मल नाही. त्यात ताप असेल, पू असेल, भोवती लाल गरम वाटत असेल किंवा खोकताना, कूस बदलताना छातीचं हाड कट्कट् वाजत असेल, हललंय असं जाणवत असेल तर थेट इमर्जन्सीलाच जा. हळद, पावडर, कुणी दिलेला मलम, काहीही लावू नका.

पाव्हण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो, तिथे औषधही कमी पोचतं, त्यामुळे जाड थर असला की जखम अडखळते. पण चरबीची हार्मोन्सच जखम बिघडवतात असं सरळसोट नाही बरं का. जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांच्या जखमा फार सावकाश भरतात आणि त्यांना बाहेरून लेप्टिन दिलं की वेग सुधारतो, ॲडिपोनेक्टिन नसलेल्या उंदरांच्याही जखमा रेंगाळतात. म्हणजे ही हार्मोन्स शत्रू नाहीत, जखम भरायला ती लागतातच. बिघाड होतो तो प्रमाण आणि तोल सुटल्यावर.

तुमच्या जखमेचा खरा वैरी मला ती २४० साखर दिसतेय. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात डॉ. ॲन्थनी फर्नरी यांच्या गटाने १९९९ साली दाखवलं की हार्टच्या ऑपरेशननंतर डायबिटीसच्या पेशंटना त्वचेखाली इन्सुलिन देण्याऐवजी शिरेतून सतत ड्रिपने देऊन साखर आवाक्यात ठेवली तर छातीच्या खोल जखमेचं इन्फेक्शन २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ऑपरेशन तेच, फरक फक्त साखरेचा. मग काही ठिकाणी साखर अगदीच खाली, ८१ ते १०८ मध्ये डांबून ठेवायचा प्रयत्न झाला, तर २००९ च्या नाइस-शुगर या मोठ्या अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटमध्ये उलट मृत्यू वाढलेले दिसले, २४.९ टक्क्यांच्या जागी २७.५. म्हणून आता हॉस्पिटलात साधारण १८० च्या खाली ठेवतात, फार खाली ओढत नाहीत. घरी तुमचं टार्गेट काय ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण २४० नक्कीच नाही. गोळ्यांवर भागत नसेल तर जखम भरेपर्यंत काही आठवडे इन्सुलिन घ्यायला अजिबात कचरू नका. एकदा चालू केलं की जन्माचं मागे लागतं, या भीतीने लोक टाळतात आणि जखम चिघळवून घेतात, मला याचं फार वाईट वाटतं.

आणि ते एक भाकरीचं बंद करा आधी! हाड जुळायला, कातडी भरायला प्रोटीन लागतं. उपाशी राहिलात तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खायला लागतं, तुमच्या छातीच्या, पाठीच्या, पायाच्या स्नायूंची त्यात वाट लागते. किडनीचा त्रास नसेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज निदान ८४ ग्रॅम. आता हिशोब बघा, घट्ट वरणाची एक वाटी ६-७ ग्रॅम, अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८, सोयाबीन वड्या सुक्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५ च्या आसपास. तुमच्या पातळ आमटीत काय उरलं असेल ते तुम्हीच बघा. कोल्हापुरात राहून प्रोटीन कमी पडायचं कारण नाही, पण तांबड्या रश्श्यातला तेलाचा तवंग बाजूला सारून खालचे पीस घ्या, आणि भाकरी दीड-दोन खाल्लीत तरी चालेल, बरोबर उसळ किंवा अंडी हवीत.

वजन उतरवणं वगैरे सगळं हाड जुळल्यावर. साधारण पहिले तीन महिने सावरायचे.

ठाण्याहून एक वाचक लिहितात : मिस्टरांची बायपास पुढच्या महिन्यात ठरलीये. वय ५४, वजन ९८, उंची ५ फूट ७. डायबिटीस, बीपी, फॅटी लिव्हर सगळं आहे. कुणी म्हणतं जाड माणसाचं ऑपरेशन धोक्याचं, आधी २० किलो उतरवा. महिन्यात लिक्विड डाएटवर ठेवू का? साखरेला डापाग्लिफ्लोझिन चालू आहे.

नको. लिक्विड डाएट अजिबात नको. मागच्या पत्रात लिहिलं तेच, ऑपरेशनला जाताना स्नायू घालवून जायचं नसतं.

तुमची भीती मी समजू शकतो, पण एक गोष्ट दिलासा देणारी आहे. ब्रिटनमधल्या चार लाखांहून जास्त हार्ट सर्जरी पेशंटच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१७ ला हे प्रसिद्ध झालं), त्यात ऑपरेशननंतर हॉस्पिटलात दगावण्याचं प्रमाण सगळ्यात कमी कोणात होतं तर थोड्या जाड आणि मध्यम जाड लोकांत, आणि फार बारीक लोकांत ते जास्त होतं. याला ओबेसिटी पॅराडॉक्स म्हणतात. का असं, यावर वाद चालू आहेत, आजारपणात गाठीला साठा असतो म्हणून असेल, किंवा बारीक लोकांत आधीच खंगलेले जास्त असतात म्हणून असेल. याचा अर्थ जाड राहणं चांगलं असा मात्र काढू नका कारण जखमेचं इन्फेक्शन, व्हेंटिलेटरवर जास्त वेळ, हे त्रास जाड माणसात आणि त्यातही डायबिटीसवाल्यात जास्तच असतात.

मग महिन्यात काय करायचं तर साखर ताब्यात आणा, सिगारेट तंबाखू असेल तर आजपासून बंद, डॉक्टर परवानगी देतील तेवढं चालणं, आणि ते तीन रंगीत बॉलवालं श्वासाचं यंत्र आत्ताच आणून सराव चालू करा. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना पहिल्यांदा ते तोंडात धरलं की जमत नाही, आधी सवय असली की दुसऱ्या दिवशी बॉल आपोआप वर जातो.

डापाग्लिफ्लोझिनचं बरं झालं विचारलंत, हे अनेक जण सांगायला विसरतात. या गटातल्या गोळ्या (एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन पण) मोठ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करायच्या असतात, नाहीतर उपाशी असताना साखर नॉर्मल दिसूनही रक्तात ॲसिड साठतं आणि ते चटकन लक्षातही येत नाही. स्वतःच्या मनाने थांबवू नका, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना गोळीचं नाव दाखवा आणि कुठल्या तारखेपासून बंद करायची ते लिहून घ्या. परत कधी चालू करायची तेही विचारा, साधारण नीट जेवायला लागल्यावर करतात.

सोलापूरहून : लॅबच्या फुल बॉडी पॅकेजमध्ये लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन पण आहे. बायपास झालेल्या भावासाठी करून घेऊ का?

पैसे घालवू नका. या टेस्टवरून आज कुठलाही सर्जन किंवा फिजिशियन औषध बदलत नाही. शिवाय आकड्याचा अर्थ लावणंही सोपं नाही, कारण निरोगी माणसात ॲडिपोनेक्टिन जास्त असणं चांगलं, पण हार्ट फेल्युअर झालेल्यांत ज्यांचं जास्त त्यांचेच मृत्यू जास्त असं दिसलंय, बहुतेक खंगत चाललेल्या शरीरात ते वाढतं म्हणून. तोच आकडा एकाला शुभ आणि दुसऱ्याला अशुभ. आणि पायोग्लिटाझोन नावाची गोळी ॲडिपोनेक्टिन दोन-तीन पट वाढवते खरी पण अंगात पाणीही धरते, म्हणून हार्ट फेल्युअरवाल्यांना ती देत नाहीत. त्या पैशात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि हिमोग्लोबिन करा, ते उपयोगी पडेल.

नागपूरहून : माझ्या आईच्या बायपासमध्ये सर्जननी पायाची शीर भोवतीच्या चरबीसकट काढली, असं ते स्वतःच म्हणाले. पायाची जखम लांबलचक आहे, सुजते आणि दुखते. चरबी वाईट असते तर ती तशीच हृदयावर का लावली?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि तुमच्या सर्जननी हे समजावून सांगितलं याचंही कौतुक वाटलं.

नेहमीच्या पद्धतीत पायातली शीर काढताना भोवतीची चरबी खरडून साफ करतात आणि मग शीर आकसते म्हणून पाणी भरून दाब देऊन फुगवतात. यात शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते आणि पुढे वर्षं गेली की ती शीर आतून बुजत जाते. स्वीडनमध्ये ओरेब्रो इथले सर्जन डोमिंगोस सूझा यांनी १९९० च्या दशकात असं केलं की शिरेला हात न लावता, भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट ती उचलायची आणि फुगवायचीच नाही. याला नो-टच म्हणतात. १६ वर्षांनी तपासलं तेव्हा नो-टच शिरांपैकी ८३ टक्के चालू होत्या, साध्या पद्धतीच्या ६४ टक्के, आणि छातीतली मॅमरी आर्टरी, जी सगळ्यात टिकाऊ समजली जाते, ती ८८ टक्के. म्हणजे पायाची साधी शीर जवळजवळ तिच्या पंगतीला जाऊन बसली! पेशंट थोडे होते त्या अभ्यासात, पण पुढे चीनमध्ये सात हॉस्पिटलांत २,६५५ पेशंटवर करून पाहिलं (२०२१), तिथेही तीन महिन्यांनी बंद पडलेल्या शिरा ४.८ ऐवजी २.८ टक्के.

यात चरबीचं काम काय, तर एक म्हणजे ती उशीसारखा आधार देते, शिरेला पीळ बसू देत नाही. दुसरं म्हणजे रक्तवाहिनीला चिकटलेली ही चरबी ॲडिपोनेक्टिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडते, ज्याने शीर सैल राहते, गुठळी धरत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अँटोनियाडिस यांच्या गटाने बायपासच्या वेळीच काढलेल्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवतीची चरबी तपासून दाखवलं की वाहिनीच्या भिंतीला त्रास व्हायला लागला की ती शेजारच्या चरबीला खबर देते आणि चरबी ॲडिपोनेक्टिन वाढवून भिंतीची सोय बघते. किती सुंदर आहे हे! ज्या पेशीला आपण आयुष्यभर शिव्या घालतो तीच पेशी जागेवर, मर्यादेत असली तर राखणीला उभी असते.

याची किंमत मात्र पायाला मोजावी लागते. नो-टचमध्ये पायाची जखम मोठी, त्यामुळे सूज, बधिरपणा, पाणी येणं हे जास्त होतं. आईंना बसताना पाय स्टुलावर ठेवू द्या, लटकत ठेवून तासन्‌तास टीव्हीसमोर नको, डॉक्टरांनी दिलेला स्टॉकिंग सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आधी घाला. पोटरी कडक होऊन दुखली, एकाच पायाला अचानक जास्त सूज आली किंवा दम लागला तर लगेच दाखवा.

रत्नागिरीहून : बायपासच्या तिसऱ्या दिवशी वडिलांचे ठोके एकदम १४० वर गेले, अनियमित झाले, ड्रिप लावावं लागलं. आम्ही हादरलो. ऑपरेशन चुकलं होतं का?

नाही हो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, बायपास झालेल्या शंभरातल्या साधारण वीस ते चाळीस जणांना होतं आणि बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवशीच. वय हे त्याचं मोठं कारण. पण हृदयाला लगटून चरबीचा एक थर असतो, तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत मध्ये पडदासुद्धा नसतो, रक्तपुरवठाही एकच, त्यामुळे ती चरबी सुजेची जी रसायनं सोडते ती थेट स्नायूत झिरपतात. पोट सुटलेल्या माणसात हा थर जाड असतो आणि ज्यांचा जाड त्यांना ठोक्यांचा हा त्रास जास्त, असं अनेक ठिकाणी दिसलंय. बहुतेकांचे ठोके काही आठवड्यांत ताळ्यावर येतात. रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर ती ठोके नीट वाटले म्हणून परस्पर थांबवू नका, गुठळी होऊन लकवा होऊ नये म्हणून ती असते.

पुण्याहून : बायपासला चार महिने झाले. पहिल्या महिन्यात ५ किलो उतरले होते ते परत आले, वर २ किलो जास्त. सारखी भूक लागते, झोप नीट नाही. लेप्टिनचं इंजेक्शन मिळतं का?

लेप्टिन सापडलं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं की आता जाडीवर औषध मिळालं. ज्यांच्यात जन्मतः लेप्टिन बनतच नाही अशा अगदी मोजक्या मुलांना त्याने खरंच जादू झाल्यासारखा फरक पडला, केंब्रिजमध्ये १९९९ ला ते दाखवलं गेलं. पण आपल्यासारख्यांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याचं ऐकेनासा झालेला असतो, त्यामुळे वरून आणखी देऊन उपयोग होत नाही.

तुम्ही झोपेचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. २००४ मध्ये शिकागोत निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्के उतरलं, भूक वाढवणारं ग्रेलिन २८ टक्के चढलं आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ खावंसं वाटायला लागलं. बायपासनंतर पाठीवरच झोपायचं, कूस बदलायची नाही, टाके ओढतात, यात महिना-दोन महिने झोपेचं खोबरं होतंच. पण चार महिन्यांनीही झोप लागत नसेल, घोरणं मोठं असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास मध्ये मध्ये थांबतो तो आजार) तपासणी करून घ्या. कमरेचा घेर मोठा असला की हा आजार बऱ्याचदा सोबत असतो आणि तो सापडल्याशिवाय बीपी, साखर, वजन काहीच हाताला लागत नाही.

आता हाड जुळलंय, सर्जनचा होकार घेऊन तुम्ही वजन उतरवायला खरंच लागू शकता. ७ किलो एकदम डोळ्यासमोर ठेवू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के, तेही सहा महिन्यांत. एवढ्यानेही पोटातली चरबी बऱ्यापैकी हलते आणि ॲडिपोनेक्टिन वर यायला लागतं. रोजचं चालणं आहेच, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम जोडा, रबरी बँड, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप. काट्यावर फरक दिसला नाही तरी व्यायामाने आतली चरबी कमी होते, म्हणून दर पंधरा दिवसांनी टेप लावा, वजनाचं नंतर बघू. शहरात कार्डियाक रिहॅबची सोय कुठे आहे ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टना विचारा, सुरुवातीचे काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली केलेलं कधीही बरं.

आणि सकाळचा नाश्ता बदला. पोहे, उपमा, साबुदाणा यातलं काहीही नुसतं खाल्लं की अकरा वाजता पोटात कावळे ओरडणारच. पोहे सोडायला नाही सांगत, अर्धी प्लेट घ्या आणि बरोबर मोडाची मटकी किंवा दोन अंडी घ्या. मुगाचं धिरडं तर फारच उत्तम, वर थोडं पनीर किसून. रात्रीचं जेवण आठच्या आत उरका, नंतर भूक लागलीच तर वाटीभर ताक प्या, मीठ न घालता.